क्लोराइड गिळणारा रेणू

आजच्या धाग्यात राजे नाहीत, लढाया नाहीत, बखरीही नाहीत. आज ज्यांचा इतिहास पाहायचा आहे ते पिंजरे इतके लहान आहेत की त्यांत मावतो तो एकच कैदी, आणि तोही डोळ्यांना कधीच न दिसणारा. मी इतिहासाचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला. तरीही हा विषय गेले काही महिने मला सोडत नाही. एखादा शोध लागतो, छापून येतो, कोणीही तो नाकारत नाही, आणि तरी तो जवळजवळ दशकभर कोणाच्या उपयोगी पडत नाही, हे असे का घडते? हा प्रश्न मला रसायनापेक्षा इतिहासाचा वाटतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ १८३४ मध्ये, लंडनला. मायकेल फॅरेडे यांना तेव्हा शब्दांची अडचण पडली होती. द्रावणातून वीज सोडली की त्यातील काही घटक एका टोकाकडे जातात व काही दुसऱ्या. पण या ‘जाणाऱ्यां’ना नावच नव्हते. फॅरेडे लोहाराचे पुत्र. शाळा जेमतेम झालेली, ग्रीक भाषा येत नव्हती. त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहिले, आणि त्या पत्रव्यवहारातून अॅनोड, कॅथोड, आयन, अॅनायन, कॅटायन हे शब्द जन्मले. आयन म्हणजे जाणारा. अॅनायन म्हणजे वर जाणारा, कॅटायन म्हणजे खाली जाणारा. ही ‘वर-खाली’ची कल्पना सूर्यावरून घेतलेली: अॅनोड ही सूर्य उगवतो ती, वर चढण्याची बाजू. आपल्या वाचकांसाठी एक गंमत अशी की ग्रीक ‘आयन’ आणि संस्कृत ‘अयन’ ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये आहेत. उत्तरायणातले ‘अयन’ आणि मिठातला ‘आयन’ हे दूरचे चुलतभाऊ होत.

मिठाच्या खड्यात सोडियमचा धनायन आणि क्लोराइडचा ऋणायन बरोबरीने असतात. एकावाचून दुसरा मिळत नाही. पण त्यांना पकडणाऱ्या रेणूंचा इतिहास मात्र समसमान लिहिला गेला नाही.

‘पकडणारा रेणू’ ही कल्पना जुनी आहे. १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी विकर आणि त्याचे भक्ष्य यांचे नाते कुलूप-किल्लीच्या उपमेने सांगितले: आकार जुळला तरच क्रिया घडते. निसर्गातली अशी कुलपे रसायनज्ञ त्यानंतर कितीतरी दशके अभ्यासत राहिले. पण स्वतःच्या हाताने कुलूप घडवून त्यात नेमका एकच आयन बसवणे कोणाला साधले नव्हते. ते साधले तेही अपघाताने, आणि कोणत्याही विद्यापीठात नव्हे, तर अमेरिकेतील ड्यूपाँ या कंपनीच्या प्रयोगशाळेत.

चार्ल्स पेडरसन यांचा जन्म १९०४ मध्ये कोरियातील बुसान येथे झाला. वडील नॉर्वेजियन, आई जपानी. डॉक्टरेट त्यांनी केलीच नाही. १९२७ पासून ते ड्यूपाँमध्ये नोकरीला होते. १९६२ मध्ये व्हॅनेडियमसाठी एक संयुग बनवताना भांड्यात थोडे पांढरे स्फटिक उरले. प्रमाण अवघे ०.४ टक्के. घाण म्हणून फेकून देण्याजोगी गोष्ट. पेडरसन यांनी ती फेकली नाही. ते स्फटिक म्हणजे ऑक्सिजनचे अणू आतल्या बाजूला वळवून बसलेले एक मोठे वलय निघाले, आणि त्या वलयाच्या मधोमध पोटॅशियमचा आयन अंगठीत खडा बसावा तसा बसत होता. मुकुटासारखे दिसते म्हणून पेडरसन यांनी त्याला ‘क्राउन’ ईथर म्हटले. निबंध प्रसिद्ध झाला १९६७ मध्ये. लेखकाचे वय तेव्हा ६३ च्या आसपास.

इथपर्यंतची कथा बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. आता तिच्या शेजारचे पान उलटू.

त्याच ड्यूपाँ कंपनीत चुंग हो पार्क आणि हॉवर्ड सिमन्स असे दोन रसायनज्ञ होते. क्राउन ईथरचा निबंध येऊन जेमतेम वर्ष झाले, तोच १९६८ मध्ये या दोघांनी एका वेगळ्याच रेणूविषयी लागोपाठ निबंध छापले. त्या रेणूच्या दोन टोकांना नायट्रोजनचा एकेक अणू आणि त्या दोन टोकांना जोडणाऱ्या कार्बनच्या तीन लांब साखळ्या. आकाशकंदिलाचा सांगाडा डोळ्यांसमोर आणा: वर एक गाठ, खाली एक गाठ, मध्ये तीन वाकलेल्या काड्या. हा रेणू आम्लात टाकला की दोन्ही नायट्रोजन एकेक हायड्रोजन स्वीकारतात. ते हायड्रोजन कंदिलाच्या आत तोंड करून बसू शकतात, आणि तसे बसले की क्लोराइडचा ऋणायन आपणहून आत शिरतो. दोन्ही बाजूंचे हायड्रोजन त्याला धरून ठेवतात. या पकडीलाच हायड्रोजन बंध म्हणतात.

पार्क आणि सिमन्स यांनी या रेणूंना जे नाव दिले त्याचे मूळ ‘गिळणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात आहे: कॅटापिनँड. क्लोराइड खरोखर आतच आहे याचा पुरावा त्यांनी चुंबकीय अनुनादाच्या आलेखांवरून दिला. पुढे १९७५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना उलगडली तेव्हा क्लोराइड बरोबर पिंजऱ्याच्या पोटात सापडला.

येथे क्षणभर थांबावे. धनायन पकडणारे पहिले वलय १९६७ चे, ऋणायन पकडणारा पहिला पिंजरा १९६८ चा, दोन्ही एकाच कंपनीतून आलेले. जुळी भावंडेच म्हणा ना. पुढच्या दहा वर्षांत मात्र एकाच्या वंशवेलीने रान भरले आणि दुसऱ्याकडे क्वचितच कोणी फिरकले. १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन यांना विभागून मिळाले. पार्क आणि सिमन्स यांची नावे आज विषयाच्या अभ्यासकांपुरती उरली आहेत. सिमन्स ओळखले जातात ते स्मिथ यांच्यासह शोधलेल्या एका निराळ्याच अभिक्रियेमुळे.

याला अन्याय म्हणावे काय? मला तसे वाटत नाही, आणि कट तर मुळीच नव्हता. समाजमाध्यमांवर ‘दडवलेला इतिहास’ म्हणून काहीही खपते, म्हणून हे स्पष्ट लिहितो. कारणे साधी होती आणि ती पदार्थातच दडलेली होती.

पहिले कारण आकाराचे. अणूला एक इलेक्ट्रॉन जास्त मिळाला की तो फुगतो. पोटॅशियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १.३८ अँगस्ट्रॉम; सर्वांत लहान साधा ऋणायन फ्लोराइड, तोही जवळजवळ तेवढाच, १.३३. क्लोराइड तर १.८१. म्हणजे भार तोच, पण मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला, ओढ कमी. दुसरे कारण रूपाचे. धनायन बहुधा गोळे असतात. ऋणायनांत गोल क्लोराइड आहे, सरळ काडीसारखा अॅझाइड आहे, सपाट त्रिकोणी नायट्रेट आहे, चौफलकी सल्फेट व फॉस्फेट आहेत. प्रत्येकाला वेगळी खोली बांधावी लागते. शिवाय आम्लता बदलली की फॉस्फेटसारखे ऋणायन हायड्रोजन घेऊन किंवा सोडून स्वतःच बदलतात.

तिसरे आणि सर्वांत जाचक कारण म्हणजे पाणी. पाण्याचे रेणू ऋणायनाला हायड्रोजन बंधांनीच वेढून बसलेले असतात. फ्लोराइडला पाण्यातून सोडवायला पोटॅशियमपेक्षा दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते, जरी दोघांचा आकार सारखाच असला तरी. पिंजऱ्याला म्हणूनच आधी पाण्याशी झगडून आयन सोडवून घ्यावा लागतो, आणि पिंजऱ्याचे शस्त्र पाण्याजवळ असते तेच. कॅटापिनँडची पकड तर मुळातच सैल होती. साखळ्या लवचीक, आणि आम्लाखेरीज त्याचे काही चालत नव्हते. क्राउन ईथर मात्र सोपे आणि रोजच्या प्रयोगांत लगेच कामी येणारे. माणसे उपयोगी पडणाऱ्या हत्याराकडे वळली.

ऋणायनांकडे पुन्हा गांभीर्याने वळले ते फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे लेन. १९६९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी क्राउन ईथरला तिसरी मिती देऊन ‘क्रिप्टँड’ हे पिंजरे बनवले होते. (त्या सहकाऱ्यांत एक होते झाँ-पिएर सोवाज, त्यांना स्वतःचे नोबेल मिळायला २०१६ उजाडले.) १९७६ मध्ये लेन आणि ग्राफ यांनी फुटबॉलसारख्या गोल पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. त्यात नायट्रोजन चार, एका चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर. चौघांनाही हायड्रोजन दिले की क्लोराइड आत येऊन बसे, चारही बाजूंनी हायड्रोजन बंधांत बांधलेला, आणि ब्रोमाइडला तेथे फारसा थारा नसे. हायड्रोजन काढून घेतले की त्याच पिंजऱ्यात अमोनियमसारखा धनायन राहायला येई. एकच वाडा, पण दिंडीदरवाजावरचा पहारा बदलला की आत येणारी माणसे बदलतात, तसे काहीसे. दोन वर्षांनी लेन यांच्याच प्रयोगशाळेने लंबगोल पिंजरा बनवला आणि त्यात काडीसारखा अॅझाइड बसवला.

तरी एक उणीव राहिलीच होती. हे सारे पिंजरे भारित होते. म्हणजे धनभाराची ओढ आणि हायड्रोजन बंध यांपैकी कोणाचे काम किती, हे सांगणे अवघड. निव्वळ हायड्रोजन बंधांवर, कोणत्याही भाराची मदत न घेता, ऋणायन धरता येईल काय?

उत्तर निसर्गाकडे तयार होते. १९८५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरांते कियोचो आणि त्यांचे सहकारी फ्लुग्राथ यांनी साल्मोनेला जिवाणूतील सल्फेट वाहणाऱ्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. सल्फेटवर दोन ऋणभार. साहजिक अपेक्षा अशी की प्रथिनाच्या खोबणीत त्यांना तोडीस तोड दोन धनभार असतील. तसे काही आढळले नाही. खोबणीत पाणीही नव्हते. होते ते फक्त सात हायड्रोजन बंध, जागच्या जागी अचूक रोखलेले.

पाच वर्षांनी याच गटाने फॉस्फेट वाहणारे प्रथिन उलगडले. तेथे १२ हायड्रोजन बंध होते. पण मला खरी थोरवी वाटते ती पुढच्या बारकाव्यात. सल्फेट आणि फॉस्फेट आकाराने जवळजवळ सारखे. मग प्रथिन त्यांना ओळखते कसे? फॉस्फेटच्या खोबणीत एक असे टोक आहे जे हायड्रोजन देत नाही, मागते. फॉस्फेटजवळ द्यायला एक हायड्रोजन असतो, सल्फेटजवळ नसतो. म्हणून सल्फेट परत फिरतो. किल्ल्यावर परवलीचा शब्द विचारावा तसा हा प्रकार.

कुलपाचा नकाशा असा हाती आला आणि कारागिरांना हुरूप चढला. प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट पास्कल व सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच अमाइडचे तीन गट आतल्या बाजूला वळवलेला, कोणताही भार नसलेला पिंजरा बनवून त्यात फ्लोराइड धरल्याचे दाखवले. अमाइड म्हणजे प्रथिनांच्या कण्यातला तोच दुवा. निसर्गाचीच वीट घेऊन वेगळे घर बांधले म्हणा. पुढे कॅन्ससच्या क्रिस्टिन बोमन-जेम्स यांनी अमाइडच्या पिंजऱ्यांची मोठी मालिका उभी केली. आपल्याकडे कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, १८७६ साली महेंद्रलाल सरकार यांनी स्थापलेल्या आणि रामन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, प्रद्युत घोष यांच्या गटाने युरियाच्या तीन-तीन भुजांचे रेणू बनवून सल्फेट व फॉस्फेटभोवती त्यांच्या कुप्या गुंफल्या.

या साऱ्या कथेत इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत मोहवणारा प्रसंग मात्र वेगळाच आहे, आणि त्यातला रेणू धड पिंजराही नाही; वाडगा आहे. १८८६ मध्ये जर्मन रसायनज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी पायरोल आणि अॅसिटोन ही दोन साधी द्रव्ये आम्लासह एकत्र केली आणि त्यांना एक स्फटिकी पदार्थ मिळाला. बायर म्हणजे तेच, ज्यांच्या कृत्रिम निळीच्या संशोधनातून पुढे १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालच्या नीळशेतीचा बाजार बसला. चंपारणची गोष्ट वाचताना हे नाव सहसा कोणी घेत नाही. असो. त्यांचा हा दुसरा पदार्थ ग्रंथालयांतील जुन्या खंडांत पडून राहिला. १९९६ मध्ये, बरोबर ११० वर्षांनी, टेक्सासचे जोनाथन सेसलर, फिलिप गेल व सहकाऱ्यांनी तो पुन्हा हाती घेतला आणि दाखवून दिले की या रेणूचे चार हायड्रोजन एका दिशेने वळून वाडगा करतात व त्यात फ्लोराइड आणि क्लोराइड धरतात. त्याला आता कॅलिक्सपायरोल म्हणतात. पदार्थ जुना, कृती जुनी. नवा होता तो त्याला विचारलेला प्रश्न. जुन्या दप्तरात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून मोठा दिलासा कोणता?

पिंजरा घडवण्याची विद्या आता हळूहळू शास्त्र बनत होती. क्रॅम यांचा आग्रह होता की घर पाहुण्याच्या आधी बांधून तयार असावे: रेणू आयनाभोवती वाकून जुळवून घेत बसला तर त्यातच शक्ती खर्च होते; तो आधीच योग्य आकारात ताठ असेल तर पकड घट्ट. कॅटापिनँडचे दुखणे हेच होते. मग हे ताठ घर आखायचे कसे? टेनेसीतील ओक रिज या राष्ट्रीय प्रयोगशाळेत बेंजामिन हे आणि राडू कस्टेल्सियन यांनी संगणकाला कामाला लावले. सल्फेटभोवती युरियाचे सहा गट कसे मांडले तर १२ हायड्रोजन बंध बिनचूक बसतील, हे आधी ठरवले आणि मग त्या गटांना जोडणारा सांगाडा संगणकाने शोधला. २००९ मध्ये तो पिंजरा प्रत्यक्षात आला: चार कोपऱ्यांवर निकेल, सहा कडांवर युरिया, पोटात सल्फेट.

ओक रिजला सल्फेटची एवढी काळजी का, याचे उत्तर पुन्हा इतिहासात आहे. ही जागा मॅनहॅटन प्रकल्पासाठी वसवलेली. अणुबाँबच्या काळापासून अमेरिकेत साठत गेलेला किरणोत्सारी कचरा काचेत गोठवून पुरायचा, तर त्यातला सल्फेट काचेत नीट मिसळत नाही आणि काम बिघडवतो. १९४० च्या दशकातल्या युद्धाची उष्टी काढण्यासाठी एकविसाव्या शतकात एका आयनाला पिंजरा बांधावा लागला.

त्याच गटाच्या ऋणायन-संशोधनातून आणखी एक अनपेक्षित फळ निघाले. ग्वानिडिन जातीच्या एका संयुगाचे द्रावण उघडे राहिले आणि त्यात आपोआप स्फटिक धरू लागले. तपासले तर त्यांत होता कार्बोनेट; हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या द्रावणाने ओढून हायड्रोजन बंधांत बांधला होता. २०१७ मध्ये त्यावर निबंध आला. पेडरसन यांचे पांढरे स्फटिक आठवले ना?

आणि मग २०१९. इंडियाना विद्यापीठातील युन लिऊ, अमर फ्लड आणि सहकाऱ्यांनी असा पिंजरा जाहीर केला ज्यात नायट्रोजनला लागलेला एकही हायड्रोजन कामाला लावलेला नव्हता. होते ते केवळ कार्बनला लागलेले हायड्रोजन. दीर्घकाळ रसायनज्ञ असल्या हायड्रोजनांना हायड्रोजन बंधाच्या पंगतीत बसवायलाही तयार नसत, इतका तो बंध दुबळा समजला जाई. फ्लड यांनी ट्रायझोल नावाची सहा वलये एका ताठ पिंजऱ्यात अशी जडवली की दुबळे मानलेले सारे हायड्रोजन एकाच बिंदूकडे रोखले गेले. डायक्लोरोमिथेन या द्रवात या पिंजऱ्याची क्लोराइडवरची पकड मोजली, तर बंधनाचा अंक निघाला १ वर १७ शून्ये. पाण्यातला क्लोराइड त्या द्रवात ओढून आणण्याचीही त्याची ताकद आहे, आणि क्लोराइडमुळे धातूला चढणारा गंज त्याने रोखून दाखवला. १९६८ च्या सैल कंदिलाचा हा पणतू.

आता थोडे घरचे. माझे आजोळ यवतमाळ जिल्ह्यात. तिकडच्या काही गावांत, तसेच चंद्रपूर व नांदेडकडेही, भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी मामेभावंडांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे पाहून मी समजत असे की ती तंबाखूची मशेरी लावतात. आजीने एकदा त्यावरून मला चांगलेच खडसावले. या आजाराची भारतातील पहिली शास्त्रीय नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोरची. शॉर्ट व सहकाऱ्यांनी तेथील माणसांच्या ताठलेल्या कण्यांचे कारण विहिरीच्या पाण्यात शोधले. आज पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावे असा दंडक आहे.

हा विषय वाचायला घेतला तेव्हा माझी भाबडी समजूत होती की या पिंजऱ्यांपैकी एखादा आजीच्या गावच्या विहिरीत सोडला की झाले. तसे ते नाही. पास्कल यांचा पिंजरा असो वा सेसलर यांचा वाडगा, त्यांचे कौतुकाचे आकडे सेंद्रिय द्रवांतले आहेत. विहिरीत आहे पाणी, आणि फ्लोराइडला सर्वांत घट्ट धरून बसलेले तेच. शिवाय हे रेणू मिलिग्रॅमच्या हिशेबाने बनतात आणि गावाला पाणी लागते घागरींनी.

गावासाठी जे खरोखर चालले ते नागपुरात घडले. नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात ‘नलगोंडा तंत्र’ सिद्ध केले: पाण्यात चुना आणि तुरटी ठरल्या प्रमाणात टाकायची, ढवळायचे, साका बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. साक्यातील अॅल्युमिनियम फ्लोराइडला आपल्यासोबत तळाशी नेतो. ना अचूक खोबणी, ना १२ बंध. उणिवाही आहेत, साक्याचे करायचे काय आणि तुरटीचे माप चुकले तर काय, हे प्रश्न सुटलेले नाहीत. पण घरातल्या बादलीत ते करता येते.

मामींच्या घरी एक निळी बादली होती, तळापासून चार बोटे वर तोटी बसवलेली. तोटी इतकी वर का, हे मी तेव्हा विचारले नाही. तळाशी साका असे.